पिवळी काच

भूपाल मगदूम रीळ घेऊन आले तेव्हा
शाहूपुरीत गुळाच्या सौद्याचा मुहूर्त आठवड्यावर होता.
"गुऱ्हाळातलं फोटो हाईत, वैनी.
गूळ तेवढा पिवळाधमक येऊ दे.
अडतीत मोठा करून लावायचाय."

रीळ धुतलं, तारेवर टांगलं.
निगेटिव्हमध्ये सगळंच उफराटं :
ढेपा निळ्या, चुलवाणातला जाळ काळा,
गुळव्या तातोबाचा हात आभाळी
आणि सगळ्यावर नारिंगी पडदा,
काहिलीची वाफ त्यात अडकून बसल्यासारखा.

मग कागद.
फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी तीन पाकिटं असतात.
नवरा दर उन्हाळ्यात विचारतो, हे कधी शिजवायचं?
चकचकीत कागदावर काळा रंग खोल उतरतो,
पण गुळाला पाणी सुटल्यागत दिसलं असतं
आणि अडतीतली चिकट बोटं दुसऱ्या दिवशीच उमटली असती.
मॅटवर जाळ निवतो,
राख धरल्यासारखा.
मधलं पाकीट फोडलं, दाणेदार.
ढेप फुटली की आत जो कण दिसतो
त्याच्या त्यातल्या त्यात जवळचा.

अंधार. रंगीत कागदाला लाल दिवासुद्धा खपत नाही.
कोपरा ओठांना लावायचा,
चिकटते ती बाजू वर.
सासऱ्यांनी शिकवलेलं हे एवढंच,
बाकीचं मी कागद नासून शिकले.
पस्तीस अंशांचं पाणी, पंचेचाळीसपर्यंत तोंडानं मोजणं,
मग दुसरा ट्रे, मग नळ.
आणि पिवळं हवं असेल
तर पिवळी काच कमी करायची.
हे सांगितलं की गिऱ्हाईक हसतं,
मला वेड लागलंय असं समजून.

गुरुवारी मगदूम तातोबालाच घेऊन आले.
प्रिंट नुकती नळाखालून काढलेली.
"निळं दिसतंय की वो हे!"
मी काही बोलायच्या आत तातोबा म्हणाला,
"दम धरा मालक.
गोळी गार झाल्याबिगर वाजत न्हाई."
मी त्याच्याकडं नीट पाहिलं.
रस पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळून
पाक ओळखणारा माणूस.
माझ्या ट्रेमधल्या थर्मामीटरकडं
तो जरा कीव केल्यासारखा बघत होता.

वाळली प्रिंट. गूळ हळदीचा झाला होता,
बाजारात फोडून ठेवतात तसा.
मगदूम खूश.
तातोबानं डोळे बारीक केले.
"आणि हे कावीळ झाल्यालं कोण म्हनायचं?"

ते खरं होतं. काच फक्त गुळाला ओळखत नाही.
ढेप पिवळी केली की हातही पिवळा,
वाफही पिवळी, मागची भिंतही.
मी काच परत वाढवली, दुसरी काढली.
गूळ जुन्या तांब्याचा,
हात हाताच्या रंगाचा,
मनगटावर काहिलीचा डाग, गुलाबी.

मगदूम बराच वेळ गप्प.
"आमी पावडर टाकत न्हाई, वैनी. देवाशपथ.
पर ह्यो असला रंग बघितला
की सौद्यात दोनशेनं खाली मागत्यात."
मग पिवळ्या प्रिंटवर बोट ठेवून म्हणाले,
"हीच द्या. हातापासनं कापून."

कटर ओढला. एकच आवाज झाला.
तांब्याची तातोबानं न विचारता उचलली,
वर्तमानपत्रात गुंडाळली, टोपीत घातली.
पैसे मगदूमांनी दोन्हींचे दिले,
ते मात्र सांगितलं पाहिजे.

कापलेला पिवळा हात टेबलावर राहिला.
बोटभर रुंद पट्टी, पाची बोटं शाबूत.
मागे पेन्सिलीनं लिहिलं : पिवळी काच पंधरा कमी.
आणि दाणेदारच्या पाकिटात सरकवून
परत कोथिंबिरीशेजारी ठेवली.
पुढच्या सौद्याला
कुणीतरी येईलच.